आधी पाणी, मग गोळा : नगरच्या दीपाताईंची गोष्ट आणि आपल्या गटाचं काम



बैठकीला बसलो की आपण हजेरी घेतो, बचत मोजतो, कर्जाचे हप्ते लिहितो. पुढच्या बैठकीत हे सगळं आटोपलं की आणखी एक मोजणी करा. आपल्या वस्तीवर चालता न येणारी, हातानं अधू, कमी दिसणारी किंवा ऐकू न येणारी बाई किंवा मुलगी कोणाकोणाच्या घरात आहे? आणि त्यांतल्या किती जणी कुठल्या ना कुठल्या बचत गटात आहेत?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर पटापट येईल. दुसऱ्याला जरा वेळ लागेल. "तिला कसं जमणार?", "हप्ता कुठून भरणार?", "बैठकीला उचलून आणणार कोण?" ही वाक्यं आपल्याच तोंडून निघतात. कोणाला दोष द्यायला नको, लिहिणारीही त्यातलीच आहे. पण ही वाक्यं बोलताना आपण तिला काय येत नाही तेवढंच बघितलेलं असतं. तिला काय येतं, हे विचारलेलंच नसतं.

म्हणून या अंकात अशा एका बाईची गोष्ट, जिनं हाच प्रश्न स्वतःला विचारला. त्या आपल्या नगरमध्ये राहत होत्या. व्हीलचेअरवर बसून हॉटेल चालवत होत्या. पुढं दोन अगदी वेगळ्या खेळांत त्यांनी देशासाठी पदकं आणली. त्यांचं नाव दीपा मलिक.

नगरमधलं हॉटेल

दीपाताई मूळच्या हरियाणाच्या, सोनीपत जिल्ह्यातल्या भैंसवाल गावच्या. जन्म ३० सप्टेंबर १९७०. पती सैन्यात अधिकारी. लहानपणी एकदा त्यांच्या पाठीच्या कण्यात गाठ झाली होती, त्यावर उपचार झाले, त्या बऱ्या झाल्या. लग्न झालं, दोन मुली झाल्या. आणि १९९९ साली गाठ पुन्हा उद्भवली. तेव्हा कारगिलची लढाई चालू होती, पती आघाडीवर. शस्त्रक्रिया झाल्या, दोन्ही खांद्यांच्या मधोमध १८३ टाके पडले. जीव वाचला, पण छातीखालच्या सगळ्या शरीराची शक्ती आणि जाणीव गेली. वय अजून तिशीच्याही आत होतं.

पाठीचा कणा दुखावला म्हणजे नेमकं काय होतं, हे आपण समजून घेऊ. मेंदूचा निरोप हातापायांपर्यंत पोहोचवणारी जाड दोरी कण्यातून खाली जाते. ती जिथं दुखावते, तिथून खाली निरोप जात नाही. पाय हलत नाहीत एवढंच त्यात नसतं. पोटाचे, कमरेचे स्नायू ऐकत नाहीत, त्यामुळं टेकू नसेल तर माणूस बसल्या जागी कलंडतो. लघवी-शौचावर ताबा राहत नाही. चटका बसला, खुपलं, तरी कळत नाही. एकाच जागी फार वेळ बसलं तर जखमा होतात. घामही नीट येत नाही, म्हणून उन्हाचा त्रास लवकर होतो. अशा शरीरानं रोजचा दिवस पार पाडायचा म्हणजेच मोठी कसरत.

अशा अवस्थेत दीपाताईंनी नगर शहरात 'डीज् प्लेस' नावाचं हॉटेल चालवलं. खानावळ, डबे किंवा पापड-मसाल्याचा धंदा करणाऱ्या आपल्यातल्या बायांना हे काम काय असतं ते सांगायला नको. माल भरायचा, माणसं सांभाळायची, गिऱ्हाईक सांभाळायचं, हिशोब ठेवायचा. त्यातलं उभं राहून करायचं काम त्यांनी दुसऱ्यांवर सोपवलं आणि बसून करता येणारं स्वतःकडं ठेवलं. काम वाटून घेण्याची ही रीत लक्षात ठेवा, पुढं उपयोगी पडणार आहे.

पहिला खेळ : पोहणं

खेळाच्या स्पर्धेत दीपाताई उतरल्या तेव्हा त्यांचं वय होतं ३६. आपल्याकडं या वयाच्या बाईला "आता काय राहिलंय?" असं म्हणतात. त्या महाराष्ट्राच्या बाजूनं पोहण्याच्या स्पर्धांत उतरल्या आणि २००६ साली मलेशियातल्या क्वालालंपूरला आशिया-प्रशांत भागातल्या दिव्यांगांच्या फेस्पिक स्पर्धेत पाठीवर पोहण्याच्या प्रकारात रौप्यपदक मिळवलं. २००८ साली त्या यमुना नदीत प्रवाहाच्या उलट एक किलोमीटर पोहल्या.

छातीखाली हालचाल नसलेल्या माणसाला पोहता कसं येतं? विहिरीत किंवा तळ्यात उतरलेल्या बाईला हे चटकन कळेल. पाण्यात अंग हलकं होतं. जमिनीवर जो भार दोन माणसांना उचलावा लागतो, तो पाणी एकटं उचलतं. पाय ओढत मागं येतात, त्यांचा अडथळा होतो, पण खांदे आणि दंड मजबूत असतील तर अंग पुढं सरकतं. पाठीवर पोहताना तोंड वर राहतं, त्यामुळं श्वासासाठी मान वळवावी लागत नाही. छातीचे स्नायू कमजोर असलेल्यांना हा प्रकार म्हणूनच सोयीचा पडतो.

म्हणजे शरीर तेच. जमिनीवर ते अडतं, पाण्यात ते चालतं. फरक जागेनं पडला.

दुसरा खेळ : भाला, थाळी आणि गोळा

मग दीपाताई मैदानी खेळांकडं वळल्या. हा बदल दिसतो तेवढा सोपा नाही. पोहताना हात एका लयीत सतत फिरत राहतो, दम टिकवावा लागतो. गोळाफेकीत सगळी ताकद एका झटक्यात बाहेर काढायची असते. पाण्यात शरीराला आधार असतो, मैदानात नसतो. शाळेत गोळा फेकणारी मुलगी आठवा. ती पायानं जमीन रेटते, कंबर फिरवते, मग खांदा आणि शेवटी हात. निम्म्याहून जास्त जोर खालून येतो. दीपाताईंकडं पाय नाहीत, कंबर नाही. उरले खांदे, दंड आणि मनगट.

बसून फेकणाऱ्या खेळाडूंसाठी जमिनीला पट्ट्यांनी घट्ट बांधलेलं एक आसन असतं. त्याची उंची गादीसकट ७५ सेंटीमीटरपेक्षा जास्त चालत नाही. खेळाडूला त्यावर बसवून पाय आणि मांड्या पट्ट्यांनी आवळतात. दुसऱ्या हातानं धरायला समोर एक दांडा लावता येतो. बांधायला-सोडायला वेळ लागतो, म्हणून प्रत्येक खेळाडू आपले सगळे प्रयत्न एकापाठोपाठ एक उरकते. एक फेक चुकली तर बाजूला जाऊन विचार करायला उसंत नाही, लगेच पुढची. सगळं संपलं की दुसऱ्यांच्या फेकी बघत थांबायचं.

यातही त्यांनी थेट मोठं यश मिळवलं असं नाही. पायरी पायरीनं मिळालं. २०१० साली चीनमधल्या ग्वांगझूच्या आशियाई पॅरा स्पर्धेत भालाफेकीत कांस्य. २०११ साली न्यूझीलंडमधल्या ख्राइस्टचर्चला जागतिक स्पर्धेत गोळाफेकीत रौप्य. २०१४ साली इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत भाल्यात रौप्य. आणि २०१६ साली ब्राझीलमधल्या रिओ पॅरालिम्पिकमध्ये गोळाफेकीत ४.६१ मीटर फेक आणि रौप्यपदक. सुवर्ण बहारीनच्या फातेमा नेधाम यांना मिळालं, त्यांची फेक ४.७६ मीटर. दोघींमधलं अंतर मोजून बघा : १५ सेंटीमीटर, म्हणजे एक वीतसुद्धा भरत नाही.

पॅरालिम्पिकमध्ये पदक मिळवणारी ती भारताची पहिली महिला. वय पंचेचाळीस. त्यानंतरही थांबल्या नाहीत. २०१८ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत भाला आणि थाळीफेक या दोन्हींत कांस्य. अर्जुन पुरस्कार २०१२ साली, पद्मश्री २०१७ साली आणि खेलरत्न २०१९ साली. २०२० साली त्या भारतीय पॅरालिम्पिक समितीच्या अध्यक्ष झाल्या.

पॅरालिम्पिक आणि 'वर्ग' म्हणजे काय?

ऑलिम्पिक संपलं की काही दिवसांनी त्याच शहरात दिव्यांग खेळाडूंची जागतिक स्पर्धा होते, ती पॅरालिम्पिक. याची सुरुवात दवाखान्यातून झाली. इंग्लंडमधल्या स्टोक मँडव्हिल इस्पितळात डॉ. लुडविग गटमन हे कणा दुखावलेल्या सैनिकांवर उपचार करत. नुसतं खाटेवर ठेवलं तर माणूस खचतो, म्हणून त्यांनी खेळ हा उपचाराचाच भाग केला. १९४८ साली त्यांनी व्हीलचेअरवरच्या १६ जणांची तिरंदाजी स्पर्धा घेतली. त्यातूनच वाढत वाढत १९६० साली रोमला पहिलं पॅरालिम्पिक झालं.

आता मनात येईल, एकीला पाय नाहीत, एकीला एक हात नाही, एकीला दिसत नाही, मग यांची एकमेकींशी स्पर्धा न्याय्य कशी? त्यासाठी 'वर्ग' असतात. तपासनीस प्रत्येक खेळाडूचे स्नायू, सांधे, तोल तपासतात आणि त्या त्या खेळासाठी शरीर किती काम देतं त्यावरून वर्ग ठरवतात. दीपाताईंचा वर्ग एफ ५३. एफ म्हणजे मैदानी फेकीचे खेळ. ५१ ते ५७ हे बसून फेकणाऱ्यांचे वर्ग, आकडा जितका लहान तितकं शरीर जास्त अधू. पोहण्याचे वर्ग वेगळे असतात, त्यांना एस अक्षर लावतात. एकच बाई, पण पाण्यात तिची तपासणी वेगळी, मैदानात वेगळी. कारण प्रश्न "ही किती अपंग आहे?" असा नसतो. "या कामासाठी हिच्याकडं काय आहे?" असा असतो.

मैत्रिणींनो, हे वाक्य पुन्हा वाचा. दाखल्यावर ८० टक्के लिहिलेली बाई शेळीमागं धावायला ८० टक्के अधू असेल. गटाचं दप्तर लिहायला ती कदाचित शून्य टक्के अधू असेल.

एका खेळातून दुसऱ्यात काय आलं?

पोहण्याचं कसब गोळाफेकीत जसंच्या तसं कामाला येत नाही. मग दीपाताईंबरोबर काय आलं? पाण्यात कमावलेले खांदे आले. ठरल्या वेळी सराव करायची सवय आली. बाहेरगावी, परदेशी जाताना आपलं शरीर कसं सांभाळायचं, कोणाची मदत किती घ्यायची, हे ज्ञान आलं. आणि "हे जमलं होतं, म्हणजे तेही बघता येईल" हा भरवसा आला.

आपल्या धंद्यातही असंच होतं ना? पापडाचा धंदा बसला म्हणून दुधाकडं वळलेली बाई पापड लाटायचं कसब बाजूला ठेवते. पण हिशोब, गिऱ्हाईक आणि बँकेत बोलायचं धाडस तिच्याबरोबर जातं. पहिला धंदा वाया गेला असं म्हणायचं कारण नाही.

आपल्या मातीतले आणखी दोघे

दीपाताईंच्या कितीतरी आधी महाराष्ट्रातल्या एका माणसानं हा रस्ता चालून दाखवला होता. मुरलीकांत पेटकर, सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे. 'चंदू चॅम्पियन' हा २०२४ चा सिनेमा ज्यांच्यावर निघाला तेच. सैन्यात असताना ते मुष्टियुद्ध खेळत. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, पाय गेले. पुढं १९६८ साली तेल अवीवच्या पॅरालिम्पिकमध्ये ते टेबल टेनिस खेळले. आणि १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गला ५० मीटर पोहण्यात ३७.३३ सेकंदांत जागतिक विक्रमासह सुवर्णपदक मिळवलं. पॅरालिम्पिकमधलं भारताचं ते पहिलं सुवर्ण. पद्मश्री मात्र २०१८ साली मिळाली, तब्बल ४६ वर्षांनी.

दुसऱ्या नांदेड जिल्ह्यातल्या भाग्यश्री जाधव. गोळाफेकपटू, वर्ग एफ ३४. टोकियो आणि पॅरिस अशी दोन पॅरालिम्पिक खेळल्या. २०२४ साली पॅरिसच्या उद्घाटन सोहळ्यात भालाफेकपटू सुमित अंतिल यांच्या जोडीनं भारताचा तिरंगा धरून पुढं चालणारी बाई ती हीच, मराठवाड्यातल्या खेड्यातली.

"त्यांचं वेगळं, आपलं वेगळं"

तुमच्या मनात आलेलं मी ओळखते. दीपाताई सैन्यातल्या अधिकाऱ्याच्या पत्नी. शिकलेल्या, इंग्रजी बोलणाऱ्या, घरच्यांची साथ असलेल्या. आपल्या वस्तीवरच्या बाईला घरातून रस्त्यापर्यंत यायला उतार नाही, चाकाची खुर्ची मोडून पडलेली, संडासाला दोन पायऱ्या. तिला गोळाफेकीचं काय सांगता?

हे खरंच आहे. ते नाकारून ही गोष्ट सांगितली तर ती फसवणूक होईल. जिद्द सगळ्यांकडं असते, साधनं सगळ्यांकडं नसतात. दीपाताईंनाही आसनावर बसवायला, पट्टे आवळायला माणसं लागली. एकटीच्या हिमतीवर कोणी पदक आणत नाही. पण ही साधनं आणि ही माणसं काही अंशी आपणही उभी करू शकतो. त्यासाठीच तर गट आहे. सगळ्यांना पदकं मिळणार नाहीत. आपल्याला बघायचंय ते एवढंच, की घराच्या कोपऱ्यात बसलेली बाई हजेरीच्या वहीत येते का.

आपल्या गटानं करायची कामं

१. यादी करा आणि घरी जा. वस्तीनिहाय नावं लिहा. घरच्यांशी नको, आधी तिच्याशी बोला. "तुला काय काय करता येतं? काय करायला आवडेल?" हे विचारा.

२. गटात घ्या, नाहीतर त्यांचा गट करा. उमेदच्या गटाला साधारणपणे किमान १० सदस्य लागतात. दिव्यांगांचा विशेष गट मात्र ५ सदस्यांवरही होतो. सीआरपी ताईंशी बोला. बैठक तिच्या ओट्यावर किंवा पायऱ्या नसलेल्या जागी घेतली तर उचलून आणायचा प्रश्नच मिटतो.

३. दाखला आणि कार्ड काढून द्या. वैश्विक ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी किंवा स्वावलंबन कार्ड, यासाठी ऑनलाइन अर्ज करायचा आणि ठरलेल्या सरकारी रुग्णालयात तपासणीला जायचं. आधार कार्ड, फोटो आणि उपचाराचे कागद जवळ ठेवा. बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. एका दिवशी चार-पाच जणींना मिळून गाडी केली तर खर्च वाटला जातो. एसटीच्या तिकिटात दिव्यांगांना ७५ टक्के सवलत आहे.

४. हक्क माहीत करून घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के आरक्षण आहे. गरिबी निर्मूलनाच्या योजनांत ५ टक्के वाटा राखून ठेवायचा आणि त्यात दिव्यांग महिलांना प्राधान्य द्यायचं, असं हा कायदा सांगतो. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ग्रामसभेत उठून विचारा : यंदा किती रक्कम होती, कशावर खर्च झाली? संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसीलला द्यायचा असतो, तोही भरून द्या. दशसूत्रीत शासकीय योजनांचा लाभ हे सूत्र आहेच.

५. काम तिच्या शरीराला जुळवून घ्या. पाय चालत नसतील तर शिलाई मशीनला मोटार बसवून दाबायचं पायडल टेबलावर घ्या, कोपरानं दाबता येतं. कमी दिसत असेल तर निवडण्याऐवजी भरण्याचं, वळण्याचं काम द्या. अक्षर चांगलं असेल तर दप्तर द्या. हॉटेलात दीपाताईंनी काम वाटून घेतलं तसंच. यासाठी पैसे लागले तर ग्रामसंघाकडचा जोखीम प्रवणता निधी, म्हणजे व्हीआरएफ, अशाच गरजेसाठी आहे. मागणीचा ठराव लिहा.

६. मुलींना मैदानावर पाठवा. शाळेत खेळाच्या तासाला दिव्यांग मुलीला दप्तरं राखायला बसवतात. मुख्याध्यापकांना आणि जिल्हा क्रीडा कार्यालयात विचारा, हिच्यासाठी कुठला खेळ आहे? एक खेळ जमला नाही तर दुसरा बघू द्या. दीपाताई पाण्यातच अडून राहिल्या असत्या तर गोळा त्यांच्या हातात आलाच नसता.

शेवटी एवढंच

पुढच्या बैठकीच्या इतिवृत्तात एक ओळ लिहा : आपल्या वस्तीवर दिव्यांग महिला किती, गटात किती. महिन्याभरानं दुसरा आकडा एकानं जरी वाढला तरी प्रभागसंघाच्या बैठकीत येऊन सांगा. ती काय काम करू लागली, कुठं अडलं, कोणी मदत केली, हे सगळं सांगा. पुढच्या अंकात आपण तेच छापू.

आणि हो, तिला भेटायला जाल तेव्हा रिकाम्या हातानं जाऊ नका. गटाची वही बरोबर न्या.